दोनदा सोडलेला एक

४ फेब्रुवारी

वायसर,

आधी पार्सल उघड, मग हे वाच. न उघडता वाचायला बसलीस तर अर्धं लक्ष सुतळीच्या गाठीकडे राहील, आणि मामाने काय लिहिलं ते डोक्यावरून जाईल.

फोन मात्र करू नकोस. माझ्या कानांचं तुला ठाऊक आहे. फोनवर तुझं 'हो' आणि 'नको' मला एकाच चालीत ऐकू येतं, आणि मी आपला 'बरं बरं' करत राहतो. गेल्या आठवड्यात असंच बरं बरं करून तुझ्या मामीच्या बहिणीला महिनाभर राहायला बोलावून बसलोय. मामी अजून बोलत नाही. पत्राचं बरं असतं, दोनदा वाचता येतं.

तर पार्सलात तुझ्या गाडीच्या मागच्या नंबर प्लेटची फ्रेम आहे. जानेवारीत तू लिहिलं होतंस की जुनी का होईना, पेशंटांच्या घरोघरी जायला स्वतःची गाडी झाली. बाकी सगळं ठीक, पण दुकानातून आणून लावलेली प्लास्टिकची फ्रेम दोन महिन्यांत तडकली आणि प्लेटचा कोपरा फडफडतो. फडफडणारच. दुकानातलं ते सगळं तोंडदेखलं काम. मी स्टेनलेसच्या चार पट्ट्या कापल्या, कोपरे जुळवले, रिबिटा मारल्या, कडा कानशीने घासून मऊ केल्या. स्क्रूची भोकं मुद्दाम लांबट ठेवलीत, म्हणजे थोडं सरकवून बसवता येईल. माप तुझ्याच पत्रातलं. त्यात जे काय कमीजास्त असेल ते मी सांभाळून घेतलंय. तुला काय मी आज ओळखतो का.

आता खरी गोष्ट. वर्षभरापासून माझा उजवा हात थरथरतो. चहाची बशी वाजते तेव्हा घरातले सगळे खिडकीबाहेर बघतात, इतके चांगले आहेत. मामी म्हणते, पुरे आता. मागच्या खोलीतलं माझं कामाचं टेबल, पत्रा आवळून धरायचा शेगडा, कानशी, सगळं कारागीर-शाळेच्या मास्तरांना द्यायचं घाटतंय. मी म्हटलं, एक शेवटचं काम करून बघतो. चोपन्न वर्षं ह्या हाताने पत्रा सरळ कापलाय, त्याला निदान एक परीक्षा तरी द्यायला मिळावी. ही फ्रेम म्हणजे माझा पेपर. एकट्याने सोडवलाय, कुणाचा हात लागू दिला नाही. तपासायचा तू.

नीट बसली तर टेबल राहील. नाही बसली तर मास्तरांना निरोप देईन. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, असं मी रोज सकाळी स्वतःला सांगतो. तू फक्त खरं काय ते लिही.

मामा


१३ फेब्रुवारी

मामा,

पार्सल पोचलं. गाठ मारलीत की कुलूप लावलंत? शेवटी कात्री आणावी लागली.

फ्रेम लावली. काय सांगू तुम्हाला. आमच्या हॉस्पिटलच्या गेटवरचे पहारेकरी काका कुणासाठी खुर्ची सोडत नाहीत, मोठ्या डॉक्टरांसाठीसुद्धा नाही. पण फ्रेम लावल्यापासून रोज सकाळी माझी गाडी आली की उठतात, मागे जातात, वाकून नंबर प्लेटकडे बघतात आणि मान हलवतात. काल म्हणाले, "कुणी केलीय ही?" म्हटलं, माझ्या मामांनी. "वाटलंच," म्हणाले.

गाडी वेगात असली की मागून तिचा आवाज येतो आणि तुमची आठवण येते. लखलखते इतकी की मागचा माणूस बघतच राहतो.

तेव्हा मास्तरांना सांगा, टेबल जाग्यावरच राहणार आहे. पेपर पास. मार्क विचारू नका, तुम्ही मला शिकवताना कधी सांगितले नव्हते.

काल एका आजींनी विचारलं, तुम्हाला घरी काय म्हणतात? मी सांगितलं, वायसर. मग समजावून सांगावं लागलं की नट आणि पत्रा यांच्यामध्ये बसते ती चकती. आणि मामा-मामी भांडले की मी जाऊन मधे बसायचे म्हणून हे नाव. आजी म्हणाल्या, मग त्यांच्यात आता कोण बसतं? म्हटलं, पत्रात विचारते. मामीची बहीण बसत असेल असं समजते.

मामीचा गुडघा कसा आहे? ऑपरेशनला तीन महिने होतील आता. व्यायाम करते का, की तुम्हीच तिच्या वतीने "करते करते" म्हणता?

तुमची वायसर


२४ फेब्रुवारी

वायसर,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं, पाचव्यांदा मोठ्याने वाचलं. मामीची बहीण म्हणाली, "भावजी, पाठ झालं आम्हाला." होऊ दे. पहारेकऱ्याचा भाग आला की मी जरा थांबतो, मग "वाटलंच" म्हणतो. तो माणूस जाणता दिसतो. त्याच्याकडे गाडी आहे का? असेल तर माप घे, सायकल असली तरी चालेल.

मास्तरांना 'आता नको' म्हणून कळवलं. मागची खोली झाडली, शेगड्याला ग्रीस दिलं. खरं सांगू का, गेलं वर्षभर मी त्या खोलीच्या दारावरून जाताना दुसरीकडे बघायचो.

मामीचा गुडघा म्हणशील तर वाकतो, पण तिचा त्याच्यावर भरवसा नाही. परवा न्हाणीघरात पाय सरकला. नळ धरला म्हणून वाचली. नळ धरायला असतो का? तर मी ठरवलंय, तिच्यासाठी भिंतीवर धरायचा दांडा करायचा. स्टेनलेसचा पाइप आणलाय. दोन्ही टोकांना पत्र्याच्या चकत्या वेल्डिंगवाल्याकडून जोडून घ्यायच्या, त्यांना तीन-तीन भोकं पाडायची, आणि भिंतीत बोल्ट. भिंतीतली भोकं आणि चकतीतली भोकं एकमेकांवर तंतोतंत यायला हवीत, नाहीतर बोल्ट तिरका बसतो आणि नुसता दिसायला घट्ट राहतो. तुझी फ्रेम जमली नसती तर मी ह्याच्या वाटेला गेलो नसतो. तिचा सगळा भार त्याच्यावर यायचाय.

पुढच्या आठवड्यात सुरू करतो. फ्रेमचा फोटो छापून पाठव. टेबलाच्या वर भिंतीवर लावीन.

मामा


२ मार्च

मामा,

हे पत्र मला तेरा फेब्रुवारीलाच लिहायला हवं होतं.

फ्रेम बसली नाही. 'पेपर पास' सोडलं तर मी लिहिलं त्यातलं एकही वाक्य खोटं नाही, आणि सगळं मिळून खोटं आहे. वरची कड जुळते, पण खालची पट्टी वर चढते. शर्टाखालून बनियन दिसावा तशी प्लेट खालून आणि दोन्ही बाजूंनी डोकावते. खालची पट्टी अक्षरांच्या पायांवर बसते. माझ्या नंबरात इंग्रजी ई आहे. त्याची खालची आडवी काडी झाकली की त्याचा एफ होतो. हॉस्पिटलच्या गेटवर कॅमेरा आहे, तो गाडीच्या मागून नंबर वाचतो तेव्हाच फाटक उघडतं. त्याला एफवाली कुठली गाडी माहीत नाही. म्हणून पहारेकरी काका रोज उठायचे, मागे जायचे, वाकून खरा नंबर वाचायचे आणि हाताने फाटक उघडायचे. मान हलवायचे ती अशी हलवायचे. "वाटलंच" म्हणाले तेही खरं, पण त्याच्या आधी "घरच्यांनी केलेली दिसते" असं म्हणाले होते.

आणि आवाज येतो तो खडखडण्याचा. खालून पट्टीला आधार नाही.

परवा वळणावर पोलिसाने थांबवलं. म्हणाला, "बाई, तुमच्या गाडीने अर्धाच नंबर सांगितलाय, उरलेला कधी सांगणार?" त्याच्यादेखत फ्रेम काढली तेव्हा सोडलं. ती आता डिकीत आहे, टॉवेलात गुंडाळून.

मी गप्प राहिले असते, मामा. फोटोसाठी दुसऱ्या कुणाच्या गाडीची फ्रेमसुद्धा बघून ठेवली होती, इथवर गेले होते. पण तुम्ही न्हाणीघराच्या दांड्याचं लिहिलंत. मी रोज ज्या घरांत जाते त्यातल्या निम्म्या घरांत माणूस एकदाच पडलेला असतो, आणि मग अंथरुणातच असतो. काहींच्या हातात तेव्हा काहीतरी धरलेलं होतं, आणि ते सुटून आलं. मामीच्या हातात तसलं काही मी माझ्या खोटेपणाने देऊ शकत नाही.

दांडा बाहेरच्या माणसाकडून बसवून घ्या. एवढं माझं ऐका. टेबलाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. तुम्ही खरं लिही म्हणाला होतात आणि मी तुम्हाला लहान मुलासारखं खेळवलं. रागवायचं तर रागवा, पण पत्र बंद करू नका.

वायसर


१९ मार्च

चि. भाचीस,

पत्र मिळालं. तू खरं लिहिलंस ते बरं केलंस. उशीर झाला, पण वेळेत झालं.

दांडा बसवायला नळकाम करणारा माणूस येणार आहे. सांगून ठेवलंय.

सगळी हत्यारं तेल लावून कापडात बांधली. कानशी वेगळ्या, पाने वेगळे. मास्तर दोन एप्रिलला सकाळी टेंपो घेऊन येतील. मोजायची पट्टीही देतोय. झिजकी आहे, पण कारागीर-शाळेत एक झिजकी पट्टी असावी.

गाडीला दुकानातली फ्रेम लाव. अक्षरं उघडी राहतील अशी बघून घे.

इकडे सगळं ठीक.

मामा


२३ मार्च

मामा,

हे पत्र मी कुरिअरने पाठवतेय. दोन एप्रिलच्या आत तुमच्या हातात पडायला हवं. मास्तर आधीच आले तर त्यांना चहा द्या आणि हे वाचेपर्यंत बसवून ठेवा.

तुमचं पत्र वाचून मी डिकीतून फ्रेम काढली आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली. नुसती बघत बसले. मग लक्षात आलं की मी ती एकदाही मोजली नव्हती. मी, जी दिवसभर लोकांचा ताप मोजते, नाडी मोजते, सूज टेप लावून मोजते. हात थरथरतो असं तुम्ही लिहिलं होतं, तेवढ्यावर मी निदान करून मोकळी झाले.

आज मोजली. प्लेटची उंची बारा सेंटिमीटर, तुमच्या फ्रेमची अकरा. प्लेटची लांबी पन्नास, फ्रेमची एकोणपन्नास. दोन्हीकडे एकच सेंटिमीटर कमी, केसभरही इकडेतिकडे नाही. कोपऱ्यात औषधाच्या नव्या खोक्याचा कोपरा लावून बघितला, उजेड जायलासुद्धा फट नाही. चारही कोपऱ्यांत. वरची दोन भोकं एका रेषेत आहेत.

मामा, थरथरणारा हात असं चुकत नाही. आमच्याकडे थरथरणारे हात पुष्कळ येतात, मी त्यांना सह्या करताना बघते. ते इथे जास्त, तिथे कमी, एकदा वर, एकदा खाली असे चुकतात. दोन्हीकडे मोजून एक सेंटिमीटर चुकणं हे हाताचं काम नाही. ते हिशेबाचं आहे, आणि त्यात मी आहे.

तुमच्या पट्टीचं टोक झिजलेलं, म्हणून तुम्ही शून्यापासून कधीच मोजत नाही. एकाच्या रेघेवर कड ठेवायची, दुसऱ्या टोकाला येईल त्यातून एक सोडायचा. मलाही तसंच शिकवलंत. मी एक सोडायला हमखास विसरायचे. सात वर्षांची असताना मी सांगितलेल्या मापाने तुम्ही माझ्या बाहुलीचा पलंग केला होता, तो बोटभर लांब झाला, म्हणून तिच्या पायथ्याशी मी एक खडू आडवा झोपवला.

जानेवारीत मी माझ्या नव्याकोऱ्या पट्टीनेही एकापासूनच मोजलं. सवय. तेरा आलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा आठवणीने एक सोडून तुम्हाला बारा लिहिलं. मला वाटलं तुम्हाला बरं वाटेल. आणि तुम्ही लिहिलं होतंत, मापात जे काय कमीजास्त असेल ते सांभाळून घेतलंय. मी ते नुसतं प्रेमाने म्हटलेलं समजले. तुम्ही माझा बारा घेतलात, ही पोरगी एक सोडायला विसरली असणार म्हणालात आणि स्वतः सोडलात. होय ना?

होय असेल तर टेबल जागचं हलवू नका.

वायसर


६ एप्रिल

वायसर,

होय.

तुझं जानेवारीचं पत्र बिस्किटांच्या डब्यात होतं, काढून बघितलं. तू बारा लिहिलंयस, आणि शेजारी माझ्या पेन्सिलीने अकरा लिहिलंय. खाली रेघ पण मारलीय, शहाण्यासारखी. मामीला दाखवलं. ती म्हणाली, "एवढी मोठी झाली तरी तुम्ही तिला सातचीच धरता." तिच्या बहिणीला, महिना उलटला तरी ती इथेच आहे, समजावून सांगायला अर्धा तास लागला, आणि शेवटी ती म्हणाली, "मग शून्यापासूनच का मोजत नाही?" अशा माणसाशी काय बोलायचं.

मास्तर दोन तारखेला आले होते. तुझं पत्र आदल्या दिवशी आलं. त्यांना फ्रेम कशी चुकली ते सांगितलं, पेन्सिलीचा अकरा दाखवला. भला माणूस, पोट धरून हसला. रिकामा टेंपो घेऊन गेला.

आता तू तुझं कबूल केलंस तसं मीही करतो. कोपऱ्यांत फट नाही म्हणतेस, ती नसणारच. पण मी लिहिलं होतं ना, एकट्याने केलं, कुणाचा हात लागू दिला नाही? ते खोटं. हात थरथरतो हे तुझ्या निदानात बसो न बसो, तो थरथरतोच. कानस पुढे सरकवली की टोक नाचायचं. पहिल्या दिवशी दोन पट्ट्या वाया घालवल्या आणि डोकं धरून बसलो. तुझी मामी दारात उभी होती, केव्हापासून कोण जाणे. स्टूल ओढलं, समोर बसली आणि कानशीचं पुढचं टोक हातात धरलं. मी मुठीकडून, ती टोकाकडून. मी ढकलायचं, तिने नुसतं धरून ठेवायचं. कानस सरळ जायला लागली. बारा दिवस अशी बसत होती, गुडघा पुढे लांब करून. हे तुला कसं लिहिणार होतो? परीक्षेच्या पेपरात बायकोची मदत घेतली म्हणून?

आणि ती 'पुरे आता' म्हणायची ते टेबलाबद्दल नव्हतंच. ते मला परवा कळलं. हात खिशात लपवून बसायचो, त्याबद्दल होतं. चाळीस वर्षं संसार केला आणि तिचं दोन शब्दांचं बोलणं मी चुकीचं मोजलं.

नळकामवाल्याला दांडा करायला नको म्हणून सांगितलं, पण घाबरू नकोस. भिंतीतली भोकं तोच पाडून गेला, माझ्या डोळ्यांदेखत, चकती भिंतीला लावून, पेन्सिलीने खुणा करून. दांडा आम्ही दोघांनी केला. उंचीसाठी पट्टी हातात घेतलीच नाही. मामीला न्हाणीघरात उभी केली, म्हटलं डोळे मिटून आधार शोध. तिचा हात जिथे टेकला तिथे खडूने रेघ मारली. वजनाने मी तिच्यापेक्षा जड, म्हणून आधी मी दोन्ही हातांनी लोंबकळून बघितलं. बोल्ट हलला नाही. माझाच सदरा खांद्यात उसवला.

फ्रेमची खालची पट्टी रिबिटा काढून नवीन लावावी लागेल, बाजूच्या पण. माप कळवू नकोस. गाडीच घेऊन ये. तू आलीस की काय ते समोरासमोर.

खाली मामीला दोन ओळी लिहायच्यात म्हणे. मला वाचू देणार नाही.

मामा


वायसर, मी मामी.

दांडा पक्का आहे. मी रोज धरते. कधी कधी गरज नसताना पण धरते.

हे लिहितात ते खरं, पण एक त्यांना लिहिता येणार नाही. कानशीचं टोक धरलं की त्यांच्या हाताची थरथर माझ्या तळव्यापर्यंत यायची. वर्षभर त्यांनी मला तो हात दाखवला नव्हता. जेवतानासुद्धा माझ्याकडे पाठ करून पाणी प्यायचे. मला वाटायचं, आता माझ्याशी बोलायचं राहिलं नाही काही.

आता दुपारी चार वाजले की मागच्या खोलीतून हाक येते, "येतेस का, जरा धरायला?" कित्येकदा धरायला काही नसतंच. मी जाते.